नाताळच्या केकवरील साखरेचें लेणें

नाताळ जवळ येऊं लागला म्हणजे शहरांतील बेकऱ्यांच्या कांचेआड पांढरेशुभ्र केक मांडलेले दिसूं लागतात. वर साखरेचें बर्फ, त्यावर हॉलीचीं हिरवीं पानें, एखादा लाल छातीचा चिमणा पक्षी आणि भोंवतीं तांबडी फीत. ज्यांनीं बर्फ पडतांना कधीं पाहिलें नाहीं अशा आपल्या कोंकणपट्टीच्या लोकांनाहि हें चित्र इतकें ओळखीचें झालें आहे कीं, तें नाताळच्या सणाइतकेंच जुनें असावें असा सहज समज होतो. वस्तुतः ह्या शृंगाराचें वय फार नाहीं. तो प्रथम नाताळासाठीं नव्हताच. आणि त्याच्या शुभ्रतेखालीं जो इतिहास दडला आहे तो सर्वच शुभ्र नाहीं. तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत ठेवावा एवढाच येथें हेतु आहे.

ह्या केकचें माहेर इंग्लंड. तेथें पूर्वीं नाताळचा सण एका दिवसाचा नसून बारा दिवसांचा असे, आणि त्याची सांगता ६ जानेवारीस, म्हणजे पूर्वेकडील तीन राजांच्या सणाला, होत असे. त्या दिवशीं जो मोठा केक कापीत त्यास ‘ट्वेल्फ्थ केक’ म्हणजे बाराव्या दिवसाचा केक म्हणत. त्याच्या पोटांत घेवड्याचा एक दाणा व वाटाण्याचा एक दाणा दडवून ठेवीत. ज्याच्या तुकड्यांत घेवडा निघेल तो त्या रात्रीपुरता राजा, आणि जिच्या तुकड्यांत वाटाणा निघेल ती राणी. ज्यानें जन्मांत कोणाला हुकूम केला नाहीं अशा माणसालाहि दाण्याच्या कृपेनें एक रात्र राज्य मिळूं शके. गव्हाणीतल्या बाळापुढें तीन राजांनीं गुडघे टेकले, त्या सणाला हा खेळ शोभण्यासारखाच होता. सतराव्या शतकांतील सुप्रसिद्ध दैनंदिनीकार सॅम्युएल पेपिस ह्यानें आपल्या घरच्या अशा केकची नोंद करून ठेविली आहे.

परंतु त्या केकवर आजचें लेणें नव्हतें. तें चढलें तें लग्नाच्या केकवरून. मँचेस्टर येथें मिठाईचें दुकान चालविणाऱ्या एलिझाबेथ रॅफल्ड ह्या कर्तबगार बाईंनीं १७६९ सालीं पाकशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील वधूच्या केकचें प्रमाण वाचून आजच्या गृहिणीची छाती दडपेल: ४ रत्तल सपीट, ४ रत्तल लोणी, ४ रत्तल काळ्या मनुका आणि दर रत्तल पिठास ८ अंडीं! पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ह्या केकवर प्रथम बदामाचा थर व त्यावर साखरेचा थर असें दुहेरी वस्त्र चढविण्याची कृति त्यांनीं छापून दिली.

हें दुहेरी वस्त्र केवळ हौसेचें नव्हे. मनुका, लोणी आणि ब्रँडी ह्यांनीं तयार झालेला केक काळसर व तेलकट असतो. त्यावर साखर थेट लावली तर थोड्याच दिवसांत तिच्यावर पिवळे डाग उमटतात. बदामाचा थर ह्या दोहोंमध्यें भिंतीसारखा उभा राहतो आणि केकचे उंचसखल भागहि सारखे करतो. म्हणून जाणते कारागीर केकला प्रथम जर्दाळूचा गाळलेला मुरंबा चोपडतात, त्यावर बदामाची लाटलेली पोळी बसवितात, ती कांहीं दिवस सुकूं देतात, आणि मगच अंड्याच्या पांढऱ्या बलकांत मैद्यासारखी बारीक साखर फेटून तो लेप देतात. लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकले म्हणजे लेप बळकट व शुभ्र होतो. किंचित् ग्लिसरीन घातलें म्हणजे तो दगडासारखा कठीण होत नाहीं. ह्यांत घाई केलेली चालत नाहीं. आगमनकाळाप्रमाणें हा केकहि वाट पाहावयास शिकवितो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या हलवायांनीं हें वस्त्र बाराव्या दिवसाच्या केकवर मोठ्या थाटानें मिरविलें. लांकडांत कोरलेल्या साच्यांतून साखर व डिंक ह्यांच्या कणकेचे किल्ले, सिंह, मासे, देवळें आणि राजेराण्या काढून ते केकवर बसवीत. विल्यम होन ह्या लेखकानें १८२५ च्या सुमारास वर्णन केलें आहे कीं, ६ जानेवारीच्या संध्याकाळीं ह्या दुकानांपुढें बघ्यांची झुंबड उडे, आणि व्रात्य पोरें त्यांचीं वस्त्रें हळूच दुकानाच्या चौकटीला खिळ्यांनीं ठोकून टाकीत! रॉबर्ट बॅडली नांवाच्या नटानें तर १७९४ सालीं मरतांना १०० पौंड ठेविले, ते अशासाठीं कीं ड्रुरी लेन नाट्यगृहांतील नटमंडळीला दरवर्षीं ह्या दिवशीं केक व द्राक्षरस मिळावा. ती प्रथा त्या नाट्यगृहानें दोन शतकांहून अधिक काळ पाळिली आहे.

आतां ह्या शुभ्रतेची दुसरी बाजू. एवढी साखर येई कोठून? कॅरिबियन बेटांवरील उंसाच्या मळ्यांतून. आणि त्या मळ्यांत राबत होते आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम. हलवायाच्या कांचेआडचा साखरेचा राजा ज्यांच्या घामानें उभा राहिला, त्यांच्या वांट्यास एका रात्रीचेंहि राज्य कधीं आलें नाहीं. १७९१ सालीं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आणलेलें विधेयक ब्रिटिश पार्लमेंटांत नामंजूर झालें, तेव्हां हजारों इंग्रज कुटुंबांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, वेस्ट इंडीजची साखर घरांत आणणेंच बंद केलें. पुढें साखर ठेवण्याच्या भांड्यांवर, ही ईस्ट इंडियाची साखर असून गुलामांनीं केलेली नव्हे, अशा अर्थाचीं अक्षरें रंगवूं लागले. हिंदुस्थानच्या साखरेचा हा असा एक संबंध ह्या कथेशीं आहे. गुलामांचा व्यापार १८०७ सालीं कायद्यानें बंद झाला, आणि ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ सालीं संमत झाला. जी गृहिणी आपल्या मेजावरील गोड पदार्थाकडे पाहून, हा कोणाच्या कष्टांचा, असें विचारते, तिचा हा प्रश्न लहान नसतो, हें ह्या इतिहासानें दाखवून दिलें.

साखरेचा शृंगार कळसास पोंचला तो १० फेब्रुवारी १८४० रोजीं, राणी व्हिक्टोरियाच्या लग्नांत. तिच्या केकचें वजन सुमारें ३०० रत्तल होतें व घेर ९ फूट. वर ब्रिटानिया वधूवरांस आशीर्वाद देत उभी होती, आणि एकनिष्ठेची खूण म्हणून वराच्या पायाशीं साखरेचा कुत्राहि होता. अर्थात् हें राजवाड्यांतलें झालें. १८६१ सालीं इझाबेला बीटन ह्यांच्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथांत जो नाताळचा केक आहे तो काकवी, आलें, मनुका व सोडा ह्यांचा साधा केक आहे. त्यावर साखरेचा लेप मुळींच नाहीं. मग लेप आला केव्हां? साखरेवरील जकात १८७४ सालीं इंग्लंडांत उठली, बीटाच्या साखरेनें भाव आणखी उतरले, आणि मध्यम स्थितीच्या घरांतहि पांढरा केक परवडूं लागला. त्याच सुमारास गिरण्यांच्या व कचेऱ्यांच्या युगांत बारा दिवसांची सुटी कोणास मिळेना. १८७१ च्या कायद्यानें नाताळच्या दुसऱ्या दिवसाला बँकेची सुटी मिळाली; ६ जानेवारीला मिळाली नाहीं. बाराव्या दिवसाचा केक हळूहळू मागें पडला, आणि त्याचें लेणें नाताळच्या केकनें अंगावर घेतलें.

वर बसणारा लाल छातीचा रॉबिन पक्षीहि ह्याच काळांतला. १८४३ सालीं हेन्री कोल ह्यानें नाताळचें पहिलें छापील भेटपत्र काढविलें. तेव्हांचे टपालवाले लाल कोट घालीत म्हणून लोक त्यांना रॉबिन म्हणत. त्या भेटपत्रांवरून हा पक्षी केकवर उतरला. हॉलीच्या कांटेरी पानांत व लाल फळांत मात्र भाविकांनीं पूर्वींपासून प्रभूचा कांट्यांचा मुकुट व रक्ताचे थेंब पाहिले आहेत.

जर्मनींतील ड्रेस्डेनचा नाताळी पाव, श्टोलेन, ह्याचा शृंगार ह्याहून साधा. आगमनकाळच्या उपासांत लोणी वर्ज्य असल्यानें तो तेलांत करावा लागे. सॅक्सनीच्या राजबंधूंनीं विनंति केल्यावरून पोप आठवे इनोसंट ह्यांनीं १४९१ सालीं लोण्याची मोकळीक दिली. त्यावर दळलेली साखर भुरभुरतात एवढेंच. पण त्या पांढऱ्या पावांत लोकांना बाळंत्यांत गुंडाळलेला बाळ येशू दिसतो.

आपल्या देशांत केकनें येतांना इथल्या मातीचें रूप घेतलें. केरळांतील तलश्शेरी येथें १८८३ सालीं मंबळ्ळी बापू ह्या बेकरीवाल्यानें मर्डॉक ब्राऊन ह्या मळेवाल्याच्या सांगण्यावरून नाताळचा केक केला, आणि त्यांत परदेशी ब्रँडीऐवजीं काजूच्या बोंडांचें व केळ्यांचें देशी मद्य घातलें, असें तेथें सांगतात. आपल्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत बदाम महाग पडतो म्हणून काजूचेंहि मार्झिपान करतात, आणि लहान साच्यांतून फुलें, मासे व पानें काढून नाताळच्या ताटांत मांडतात. काजूहि पोर्तुगीजांनींच ब्राझीलहून आणलेला. इंग्रज घरांत जें केकचें वस्त्र होतें, तें आमच्याकडे स्वतंत्र मिठाई होऊन बसलें.

शेवटीं एक प्रसंग सांगितला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत, ऑगस्ट १९४० मध्यें, ब्रिटिश सरकारनें केक भाजून झाल्यावर त्याच्या बाहेरील अंगास साखर लावण्यास बेकरीवाल्यांना मनाई केली. शंभर वर्षांपूर्वीं राणीच्या लग्नांत जें लेणें झळकलें, तें एका हुकुमानें उतरलें. लग्नांत लहानशा साध्या केकवर पुठ्ठ्याचा पांढरा डोलारा ठेवून तो पाहुण्यांना दाखवीत, आणि कापतेवेळीं उचलून घेत. घरोघरच्या बायकांनीं सोयाबीनच्या पिठांत बदामाचा अर्क मिसळून मार्झिपानची हौस भागविली. साखरेचें नियंत्रण तेथें १९५३ सालींच उठलें. पण ह्या सर्व वर्षांत नाताळ आला, केक लहान कां होईना कापला गेला, आणि त्याचे तुकडे वांटले गेले.

ह्यावरून लेणें टाकून द्यावें असें मात्र कोणी समजूं नये. सणाला घर सजवावें, अंगण सारवावें, केकलाहि पांढरें वस्त्र नेसवावें. आनंदाला रूप लागतें. मात्र त्या वस्त्राखालीं केक असावा, पुठ्ठा नसावा. आणि सुरी हातांत घेतांना दोन गोष्टींची आठवण असावी: ही साखर कोणाच्या तरी श्रमाची आहे, आणि जुन्या काळीं घेवड्याचा दाणा यजमानाच्याच ताटांत पडेल असा नेम नसे. पहिला तुकडा दाराशीं आलेल्याला द्यावा; न जाणो, राजा तोच असावयाचा.