वृक्षांचा अभाव आणि इतिहास : वरवंड परिसरातील गवताळ रानाचा पर्यावरणीय अभ्यास

प्रस्तावना :

वरवंड हे दौंड तालुक्यातील पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव होय. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या परिसरात वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कालव्याच्या पाण्यावरील उसाचे क्षेत्र वगळता माळरानावर बाभूळ, हिवर, बोर यांची विखुरलेली झाडे आणि त्यांच्या दरम्यान कुसळी, मारवेल यांसारखी गवते आढळतात. हे दृश्य पाहून, येथे पूर्वी घनदाट अरण्य होते आणि माणसाने ते तोडून संपविले, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. एखाद्या भूमीवर विशिष्ट वृक्ष वा अरण्य नसणे यालाही स्वतंत्र इतिहास असतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

दक्षिणी बीच वृक्षाचा दाखला :

अभावाचा इतिहास कसा वाचावा, याचे बोलके उदाहरण दक्षिण गोलार्धातील बीच वृक्षांचे आहे. या वृक्षांच्या प्रजातीला ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० मध्ये 'नोथोफॅगस' हे नाव दिले. चिली, अर्जेंटिना, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी व न्यू कॅलेडोनिया येथे या वृक्षांची अरण्ये आहेत. महासागराने विभागलेल्या भूमींवर एकाच कुळातील वनस्पती कशा, हा प्रश्न जोसेफ हूकर यांना १८३९-४३ च्या दक्षिण सागरी मोहिमेनंतर पडला. या भूमी पूर्वी जोडलेल्या असाव्यात, असे अनुमान त्यांनी मांडले. पुढे या प्राचीन महाखंडाला मिळालेले 'गोंडवन' हे नाव मात्र मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून आलेले आहे.

असे असूनही भारतात दक्षिणी बीचची एकही जात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. याचे कारण वृक्षतोड नव्हे, तर काळाचा क्रम होय. भारतीय भूखंड अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी विलग होऊ लागला. या वृक्षाचे प्राचीन परागकण मात्र सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत मिळतात. म्हणजेच हा वृक्ष दक्षिणेकडे पसरला तेव्हा भारत दूर गेलेला होता. अर्थात केवळ भूखंडांच्या विलगीकरणाने सर्व उलगडा होत नाही. न्यूझीलंडमधील काही जातींचे पूर्वज समुद्र ओलांडून आले असावेत, असे २००५ मधील जनुकीय अभ्यासांतून दिसून आले. तात्पर्य, सोयीचे एक कारण गृहीत धरण्याऐवजी पुरावा तपासावा लागतो. हीच कसोटी वरवंडच्या माळाला लावता येते.

माळरानाची प्राचीनता :

उष्ण प्रदेशातील गवतांचा मोठा प्रसार भारतीय उपखंडात सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी झाला, असे शिवालिक टेकड्यांतील मातीच्या अभ्यासावरून मानले जाते. माणसाच्या कुऱ्हाडीपूर्वीचा हा काळ आहे. गवताळ रानातील वृक्षांची घडणही याला साजेशी आहे. बाभूळ व हिवर यांना काटे असतात, पाने बारीक असतात आणि भरपूर ऊन लागते. दाट सावलीत त्यांची रोपे तग धरत नाहीत. बाभूळ आफ्रिका, अरबस्तान व भारत अशा कोरड्या पट्ट्यात नैसर्गिकरीत्या आढळते. गोंडवनाच्या विघटनाशी नव्हे, तर नंतरच्या शुष्क हवामानाशी तिचे नाते आहे.

पुरातत्त्वीय पुरावा शेजारच्या शिरूर तालुक्यातच उपलब्ध आहे. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या कालखंडातील आहे. जव हे तेथील प्रमुख धान्य होते. पाळीव गुरे व शेळ्यामेंढ्यांबरोबर काळविटाची हाडेही मिळाली आणि काळवीट हा मोकळ्या गवताळ रानातील प्राणी आहे. इ.स.पू. १००० नंतर कोरडेपणा वाढून ही वसाहत पशुपालनाकडे अधिक झुकली, असे उत्खननकर्त्यांनी मांडले. नदीकाठी व डोंगरउतारांवर झाडी असणे स्वाभाविक आहे, परंतु सर्वत्र घनदाट अरण्य होते असे या पुराव्यावरून म्हणता येत नाही.

मराठी वाङ्मयाची साक्षही महत्त्वाची आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पश्चिम महाराष्ट्रातील जुने वाङ्मय व लोकपरंपरा यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांतील बहुसंख्य जाती मोकळ्या गवताळ रानातील निघाल्या. हे रान किमान ७५० वर्षे जुने असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

'पडीक' या शब्दाचा परिणाम :

ज्या जमिनीतून शेतसारा वा इमारती लाकूड मिळत नाही, ती ब्रिटिश महसूल व्यवस्थेच्या दृष्टीने 'पडीक' ठरली. स्वातंत्र्यानंतर ही दृष्टी फारशी बदलली नाही. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. महाराष्ट्रात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारख्या परकीय जाती राज्यातील अनेक माळांवर लावल्या गेल्या. हेतू चांगला असला, तरी अशा दाट लागवडीखाली गवत खुरटते. गवतावर धनगरांच्या मेंढ्या जगतात, तसेच चिंकाराही जगतो. चिंकाऱ्याच्या संरक्षणासाठी सुपे येथे १९९७ मध्ये अवघ्या ५ चौरस किलोमीटरहून किंचित मोठे मयूरेश्वर अभयारण्य घोषित करण्यात आले. एकाच माळाचा एक तुकडा अभयारण्य ठरतो आणि उरलेला पडीक ठरतो, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

समारोप :

या विवेचनाचा अर्थ मानवी हस्तक्षेप झालाच नाही, असा नाही. सरपणासाठी तोड, अतिचराई, वणवे आणि कालव्यानंतर विस्तारलेले ऊसक्षेत्र यांनी माळाचे स्वरूप निश्चितच पालटले. परंतु ऱ्हास झाला तो गवताळ रानाचा, कल्पनेतील अरण्याचा नव्हे. रोग वेगळा असेल तर उपायही वेगळा असावा लागतो. दक्षिणी बीच भारतात नाही म्हणून कोणी ही भूमी उणी मानीत नाही. त्याच न्यायाने वरवंडचा माळ अरण्याविना अपुरा ठरत नाही. कोणत्याही माळावर खड्डे खणण्यापूर्वी त्या माळाचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. हे काम इतिहास, वनस्पतिशास्त्र, भूगोल व मराठी या विषयांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणे करण्यासारखे आहे आणि ग्रामीण महाविद्यालयांना त्यासाठी लागणारी सामग्री हाकेच्या अंतरावर आहे.