पहारेकरी की बंद खोली? संगणक-सुरक्षेच्या दोन वाटा (थ्रेड)

१/ चोर ओळखून त्याला दारातच अडवावे, की येणारा प्रत्येक जण चोर असू शकतो असे मानून त्याला वेगळ्या खोलीत बसवावे? संगणक-सुरक्षेच्या इतिहासातील हा मूळ प्रश्न. पहिल्या वाटेचे नाव अँटिव्हायरस, दुसरीचे सँडबॉक्स.

२/ १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरील पहिला व्हायरस मानला जातो. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये तो दडून बसे. अशा व्हायरसांच्या ठरावीक खुणा, म्हणजेच ‘सिग्नेचर’, जमवायच्या आणि प्रत्येक फाइल त्यांच्याशी ताडून पाहायची, हा अँटिव्हायरसचा पाया ठरला. १९९० च्या दशकात पुण्यात काटकर बंधूंनी उभे केलेले ‘क्विक हील’ याच परंपरेतले.

३/ या वाटेची मर्यादा प्रारंभीच उघड झाली होती. प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही, हे अमेरिकी संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच सिद्ध केले. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ काही तासांत जगभर पसरला. ज्याची खूण यादीतच नाही, त्याला पहारेकरी ओळखणार कसा?

४/ दुसऱ्या वाटेचे मूळ युनिक्समध्ये सापडते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील ‘सीएचरूट’मुळे प्रोग्रॅमला डिस्कचा नेमून दिलेला कोपराच दिसे. १९९१ मध्ये बेल लॅब्जच्या बिल चेसविक यांनी अशाच ‘तुरुंगात’ एका घुसखोराला खेळवत ठेवून त्याच्या हालचाली टिपल्या.

५/ विंडोजच्या सामान्य वापरकर्त्यापर्यंत ही कल्पना नेली २००४ च्या ‘सँडबॉक्सी’ने. कर्ते रोनेन त्झूर. ब्राउझर तिच्यात चालवला की त्याने डिस्कवर लिहिलेले सारे एका वेगळ्या फोल्डरात साठे. ते फोल्डर पुसले, की उपद्रवही पुसला जाई.

६/ मग श्रेष्ठ कोण? येथे मोजपट्टीच बदलावी लागते. अँटिव्हायरसची परीक्षा ‘शंभरांपैकी किती ओळखले?’ अशी होते. सँडबॉक्स काहीच ओळखत नाही. त्या परीक्षेत त्याला शून्यच मिळेल. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा: खोली रिकामी केल्यावर खऱ्या डिस्कवर काही उरले का?

७/ त्याच्या भिंतीलाही खिडक्या होत्या. सँडबॉक्सीच्या मूळ मांडणीत आतल्या प्रोग्रॅमला बाहेरच्या फाइली वाचता येत. म्हणजे नासधूस टळे, चोरी टळेलच असे नाही. शिवाय वापरकर्त्याने फाइल विश्वासाने बाहेर काढली, की भिंतीचे काम संपले. तेथे पुन्हा पहारेकरीच हवा.

८/ २००८ मध्ये गूगल क्रोम आणि २०१० मध्ये ॲडोबी रीडर टेन आपापली बंद खोली घेऊनच आले. वेगळे असणारे साधन प्रोग्रॅमचाच भाग बनले.

९/ पुढे पहारेकऱ्यावरच वेळ आली. संशयित फाइल अँटिव्हायरसलाच उघडून पाहावी लागते आणि तीही सर्वोच्च अधिकारांनिशी. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांना मायक्रोसॉफ्टच्या तपासणी-यंत्रणेत असा दोष आढळला, की घातक फाइल नुसती तपासली तरी संगणक परक्याच्या हाती जावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने डिफेंडरलाच सँडबॉक्समध्ये चालवण्याची सोय दिली.

१०/ ज्याला अपरिचितांची झडती घ्यायची, त्यालाच खोलीत बसवावे लागले. ओळख चुकू शकते, हे गृहीत धरूनच भिंत बांधावी लागते. आणि भिंतीलाही दार असते, म्हणून पहाराही सुटत नाही. तीस वर्षांच्या या वादाचा निकाल एवढाच.