परक्या धाग्याचे यंत्र

तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गावर, जळगावच्या पश्चिमेस वसलेला धरणगाव हा कसबा आज कापसाच्या व्यापारासाठी ओळखला जात असला, तरी त्याची कीर्ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. येथील कापडाच्या लोभाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये येथे वखार घातली. पुढल्याच वर्षी, आणि पुन्हा १६७९ मध्ये, मराठ्यांच्या स्वाऱ्यांत गाव लुटले गेले, यातच त्याच्या तत्कालीन संपन्नतेचा दाखला आहे. हाताने कागद करण्याचा धंदाही येथे एके काळी चालत असे. खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आल्यावर भिल्ल पलटणीची उभारणी आउटरम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये येथूनच आरंभिली, आणि १८९० मध्ये त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, येथेच जन्मास आले.

प्रस्तुत विवेचनास मात्र या इतिहासातील एक कमी प्रसिद्ध प्रकरण अधिक उपयोगी आहे. १८५५ च्या सुमारास सरकारने धरणगावात करवती जिनांचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा, कारखाना काढला. हे यंत्र अमेरिकेतील कापसाच्या मापाने घडविलेले होते. त्याच्या दातेरी चकत्यांना आपल्याकडील आखूड धाग्याचा देशी कापूस मानवत नसे, सरकी निघे खरी, पण धागाही तुटे. पुढे हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी रुळांचे जिन रूढ झाले, ते आपल्या कापसाशी त्यांचे जमले म्हणून. उत्तम यंत्रही ज्या धाग्यासाठी ते घडलेले नसते त्याच्यापुढे निरुपाय होते, आणि मग एकतर यंत्र बदलावे लागते किंवा कारागिराला आपले कसब पणास लावावे लागते. जो प्रसंग कपाशीवर आला, तोच सुमारे एकशे तीस वर्षांनी आपल्या अक्षरांवर आला.

नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने संगणकविषयक नवे धोरण जाहीर करून आयातीवरील निर्बंध सैल केले, त्याच सुमारास सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो नावाची ब्रिटिश यंत्रे देण्याची योजना सुरू झाली, आणि क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ मध्ये इंग्लंडात विक्रीस आणलेला स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवान्यानिशी आपल्या देशात विकावयास घेतला. मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या आप्ताच्या मध्यस्थीने अशी यंत्रे क्वचित तालुक्याच्या गावीही पोहोचत. प्रस्तुत लेखकाच्या धरणगावच्या घरीही त्याच जातीचे एक यंत्र त्याच मार्गाने आले.

त्याची स्मृती अठ्ठेचाळीस किलोबाइटची. स्वतःचा पडदा त्यास नव्हता, म्हणून घरातील दूरचित्रवाणी संच त्यास जोडावा लागे. स्वतःचे दप्तर नव्हते, म्हणून भावगीतांच्या कॅसेटी वाजविणारा टेपरेकॉर्डर त्याच्या दिमतीस द्यावा लागे. एखादा मोठा खेळ कॅसेटवरून यंत्रात उतरावयास पाच मिनिटांच्या आसपास लागत. तेवढा वेळ पडद्याच्या कडांवर रंगीत पट्टे धावत आणि टेपमधून अखंड किरकिर चाले, आणि आवाजाची कळ किंचित अधिकउणी झाली तरी अखेरच्या क्षणी चूक दाखवून सारे श्रम व्यर्थ जात. वीज गेली तर तक्रार करण्यासही जागा नव्हती, कारण टेपवर न उतरविलेले सारेच तिच्याबरोबर जाई. १९८७ च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाल्यावर संच अर्थातच रामचंद्राच्या हवाली करावा लागे, त्याच संचासमोर शेजारपाजार जमलेला असल्यामुळे मालिका संपताच कोणी वडीलधारे खाली ठेवलेल्या काळ्या पेटीकडे बोट दाखवून विचारीत, “हाई काय शे, भाऊ?” याचे समाधानकारक उत्तर देणे सोपे नव्हते, कारण जमाखर्च लिहिणारे यंत्र म्हणावे तर त्यावर कोणी जमाखर्च लिहीत नव्हते, आणि खेळणे म्हणावे तर ते बरेच महाग होते.

पण या यंत्राशी खरे सख्य जडले ते त्याच्या एका उणिवेमुळे. त्यास केवळ रोमन अक्षरे येत होती. त्याच्या कळांवर इंग्रजी आज्ञा छापलेल्या होत्या, आणि मराठी ही भाषा अस्तित्वात आहे याची त्यास वार्ताही नव्हती. तथापि त्याच्या कर्त्यांनी वापरणाऱ्यासाठी एकवीस घरे मोकळी ठेवली होती, ज्यांत आपल्या मनाची चिन्हे घडविता येत. प्रत्येक घर आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच. ठिपक्यांची एकेक ओळ म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंतची एकेक संख्या. अशा आठ संख्या दिल्या की एक अक्षर सिद्ध होई. चौकटीच्या वहीत अक्षरे काढावीत, काळ्या चौकटींची बेरीज करावी आणि त्या संख्या यंत्रास सांगाव्यात, हा आमचा उद्योग.

त्यातील मौज अशी की सर्वांत वरच्या ओळीस २५५ ही संख्या दिली की शिरोरेषा घराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाई, आणि शेजारील अक्षराच्या शिरोरेषेस आपोआप जुळे. ‘ध’ला मात्र ही संख्या चालत नसे, कारण त्याची शिरोरेषा डावीकडे खंडित असते. वेलांट्या, मात्रा रेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात, आणि आठ ओळींच्या घरात दोहोंनाही जागा नाही; जोडाक्षरांची तर गोष्टच नको, आणि एकवीस घरांत मुळाक्षरेही पुरी मावत नाहीत. सुदैवाने आमच्या गावाच्या नावात वेलांटी नाही, उकार नाही, जोडाक्षर नाही: काना धरून सहा घरे, अठ्ठेचाळीस संख्या, आणि पडद्यावर ‘धरणगाव’ उमटले. जळगावासही तो मान सुलभ होता. धुळे मात्र उकारापाशी व मात्रेपाशी अडले.

आम्ही पोरवयात ज्या अडचणीशी खेळत होतो, तिच्यावर जाणती माणसे गांभीर्याने काम करीत होती. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले आणि भारतीय लिपींसाठी स्वतंत्र कार्ड संगणकात बसविता येऊ लागले. भारतीय लिप्यांच्या सांकेतिक क्रमांकांचे प्रमाणीकरण १९९१ मध्ये झाले, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस आपली जागा मिळाली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर संगणक-साक्षरतेचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत उघडले, आणि ज्यांच्या घरी यंत्र नव्हते त्यांनाही त्याची ओळख झाली. ही वाटचाल घरगुती स्पेक्ट्रमच्या मालकांमुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु काय साधावयाचे आहे, याचा पत्ता त्या मालकांस आधीच लागला होता, हे नमूद केले पाहिजे.

आज हातातील दूरध्वनीवर सातबाराचा उताराही देवनागरीत वाचता येतो आणि ‘ध’ची खंडित शिरोरेषा कोणाच्याही बेरजेवाचून बरोबर उमटते. याविषयी हळहळ करण्याचे कारण नाही. जे सर्वांस सहज मिळावयास हवे होते ते मिळाले, हा निव्वळ लाभ आहे. ज्यांच्याजवळ ती जुनी यंत्रे होती, त्यांना फरक एवढाच कळतो की ही अक्षरे यंत्रात उपजत नव्हती; ती कोणीतरी मोजून, जुळवून, रुजू केली. करवती जिनांची नोंद सरकारी दप्तरात आहे, कारण ते सरकारी होते. खानदेशातील घरगुती संगणकांची नोंद मात्र ज्याच्या त्याच्या माळ्यावर आहे. तेथील कॅसेटी आणि चौकटीच्या वह्या गावच्या वाचनालयात जमा करून घेण्याचे काम, फितीवरील चुंबकीय भुकटी गळून जाण्यापूर्वी, कोणीतरी अंगावर घ्यावयास हवे.