स्टार्ट-अप चिली

नवउद्योगांना चालना देण्यासाठी चिली सरकारच्या ‘कॉर्फो’ या विकाससंस्थेने 2010 मध्ये सांतियागोत सुरू केलेला अ‍ॅक्सिलरेटर कार्यक्रम. अमेरिकेतील वाय कॉम्बिनेटर हा अ‍ॅक्सिलरेटर (स्थापना 2005) पैशाच्या बदल्यात कंपनीत हिस्सा घेतो. चिलीने तो घेतलाच नाही. निवड झालेल्या परदेशी उद्योजकाला सुमारे 40 हजार डॉलर आणि वर्षभराचा व्हिसा मिळे. पहिल्या तुकडीत 14 देशांतले 22 संघ होते.

चिलीत मोठे धंदे मोजक्या घराण्यांकडे, ओळखी शाळा-आडनावावरून, आणि धंदा बुडाला की पतही बुडाली असा समज. म्हणून पाहुण्यांकडून मोबदला मागितला तो निराळाच : विद्यापीठांत व्याख्याने द्या, कार्यशाळा घ्या, स्थानिक तरुणांना मार्गदर्शन करा. या कामांचे चक्क गुण मोजले जात. फसलेल्या धंद्याविषयी परका माणूस मोकळेपणाने बोलतो, हा हिशेब चतुर होता. सरकारी खाक्या मात्र सुटला नाही. आधी खर्च करायचा, पावत्या जोडायच्या, मग पैशाची वाट पाहायची. मुदत संपताच पुष्कळ पाहुणे परतले, म्हणून टीकाही झाली. 2015 मध्ये महिला उद्योजकांसाठी ‘द एस फॅक्टरी’ ही वेगळी शाखा निघाली.