लोंकरीचा चेहरा

इतिहासकाराला दगड फार आवडतो, कारण दगड टिकतो. शिलालेख, ताम्रपट, नाणें, पडकी वेस यांच्या आधारें त्यानें राजघराण्यांच्या वंशावळी जुळविल्या. परंतु ज्या वस्तूंवर सामान्य माणूस जन्मभर बसला व निजला, ज्या पांघरून त्यानें पावसाळे काढले, त्या वस्तु कसरीनें खाल्ल्या आणि त्यांबरोबर त्यांचे कर्तेहि विस्मृतींत गेले. लोंकर ही अशीच एक अभागी वस्तु होय.

नेवासें तालुक्याचें उदाहरण घेऊं. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हा तालुका मराठी मनाला ज्ञानेश्वरीमुळें पूज्य आहे. शके १२१२ मध्यें तो ग्रंथ नेवासें येथें सिद्ध झाला. पुढें १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगांतील तांब्याच्या मण्यांच्या माळेंत धाग्याचा अवशेष मिळाला. तीन हजार वर्षें तो धागा टिकला, याचें श्रेय तांब्याच्या क्षारांना. मेंढपाळाच्या खांद्यावरील घोंगडीला असा आश्रय कोण देणार ?

याच तालुक्यांत शनिशिंगणापूर आहे. तेथील दारावांचूनच्या घरांची कीर्ति दूरवर गेली आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें त्याहून महत्त्वाची गोष्ट तेथील देवाची आहे. उघड्या चौथऱ्यावर, छपरावांचून उभी असलेली सुमारें साडेपांच फूट उंचीची काळी शिळा हाच तेथील शनिदेव. तिला नाक नाहीं, डोळे नाहींत, मुखहि नाहीं. पुरांत वाहून आलेल्या त्या शिळेला गुराख्यानें काठी टोंचली व तींतून रक्त वाहिलें, अशी कथा लोक सांगतात. ज्याला चेहरा नाहीं त्याच्या ठिकाणीं जीव आहे हें प्रथम ओळखणारा माणूस या कथेंत रानांत गुरें राखणारा आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. शनीला काळें प्रिय, म्हणून काळे तीळ, काळें वस्त्र, काळी घोंगडी यांचें दान सांगतात. आणि काळी घोंगडी म्हणजे दख्खनी मेंढीची, आमच्या पठारावरील अवर्षणास न डगमगणाऱ्या त्या काटक जनावराची, देणगी.

या लोंकरीचीं दोन रूपें आमच्याकडे रूढ आहेत. एक विणलेलें, दुसरें दाबलेलें. लोंकरीचें सूत कातून, मागावर विणून व चिंचोक्यांची खळ देऊन जें होतें तें घोंगडें. खुटेकर धनगर व सणगर यांचा हा परंपरागत व्यवसाय. दुसऱ्या रूपाला सूतहि नको आणि मागहि नको. पिंजलेली लोंकर चटईवर थरावर थर पसरावी, गरम साबणाचें पाणी शिंपडावें, चटईसह तिची वळकटी बांधून ती हातापायांनीं तासन्‌तास मळावी, म्हणजे तंतु एकमेकांत गुंतून जाड, एकजीव वस्त्र तयार होतें. जेन आणि बुरणूस हे त्याचे जुने मराठी शब्द. काश्मीर व राजस्थान या प्रांतांत त्याला नमदा म्हणतात. या किमयेचें कारण साधें आहे. लोंकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा व घर्षण मिळालें कीं तंतु सरकतात, आणि मागें फिरूं लागतांच खवले अडून गुंता कायमचा होतो. विणलेलें उसवतां येतें. हें उसवतां येत नाहीं.

मराठी इतिहासांत या वस्त्राचें स्थान घोड्याच्या पाठीवर आहे. लांबची मजल मारणाऱ्या घोड्याची पाठ सोलली जाऊं नये म्हणून खोगिराखालीं घाम शोषणारा मऊ थर लागे, आणि त्या कामीं दाबलेली लोंकर फार सोयीची. खोगिराच्या पोटांत चिंध्या, टाकाऊ लोंकर, हातीं लागेल तें कोंबीत. त्यावरून 'खोगीरभरती' हा शब्द निघाला व निरुपयोगी गर्दीला चिकटला. केवढा हा अन्याय ! ज्या भरतीवर स्वार बसला, तिलाच भाषेनें निंदेचा शब्द केलें. याच जिल्ह्यांतील चौंडी येथें १७२५ सालीं धनगर कुळांत अहिल्याबाई होळकर जन्मल्या, आणि आज जिल्हाच त्यांच्या नांवानें ओळखला जातो. त्यांचीं चित्रें व पुतळे गांवोगांवीं आहेत. परंतु त्यांच्या समाजाच्या हातचें लोंकरीचें कसब चित्रशाळेंत मानानें टांगलेलें क्वचितच दिसतें.

अन्य देशांत मात्र दाबलेल्या लोंकरीवर चेहरे उमटले. सैबेरियाच्या दक्षिणेस अल्ताय पर्वतांत पाझिरिक नांवाची दरी आहे. तेथील थडग्यांचें उत्खनन १९२९ सालीं सुरू झालें व सर्गेइ रुदेन्को यांनीं तें १९४७ ते १९४९ या काळांत पुढें चालविलें. थडग्यांत शिरलेलें पाणी गोठून राहिलें होतें. नेवाशास जें तांब्यानें केलें, तेंच येथें बर्फानें केलें. पांचव्या थडग्यांतून लोंकरीचा एक प्रचंड पडदा निघाला. त्यावर आसनस्थ देवता हातीं फुललेली शाखा धरून बसली असून तिच्यासमोर मिशा राखलेला, कुरळ्या केसांचा घोडेस्वार उभा आहे. रंगीत लोंकरीचे तुकडे कापून शिवलेलें हें काम दोन हजारांहून अधिक वर्षांचें असून आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयांत आहे. जपानांत नारा येथील शोसोइन भांडारांत आठव्या शतकांतील लोंकरीचे गालिचे आहेत. त्यांतील कांहींवर फुलांबरोबर चेंडू खेळणारें बालकहि दिसतें. तेथें तुकडे शिवलेले नाहींत. रंगीत तंतूंचे पुंजकेच तळाच्या थरांत मुरविलेले आहेत. लोंकरीच्या मुखचित्राचा पूर्वज शोधावयाचा तर तो येथें.

मग आमची ही कला मुखचित्राकडे कां वळली नाहीं ? एक कारण लोंकरींतच आहे. दख्खनी मेंढीचा तंतु मेरिनो मेंढीच्या तंतूहून दुपटीपेक्षां अधिक जाड व राठ. ऊन, पाऊस, कांटे सोसण्यास तो उत्तम, परंतु ओठांच्या कडेची नाजूक रेषा त्याला झेपत नाहीं. दुसरें कारण आमच्या आचारांत आहे. जेन काय, घोंगडी काय, जागा तिची जमिनीवर. तिच्यावर पाहुण्याला बसवावयाचें, देवाची मांडणी करावयाची. बसकणीवर कोणाचा चेहरा काढावा ? पुढें युरोपांतून जाळीदार कापडावरील लोंकरीचें भरतकाम आलें आणि सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत लोंकरीचे पोपट व फुलदाण्या कांचेआड विराजमान झाल्या. त्या कामाची लोंकर विलायती होती आणि नमुनेहि विलायतीच होते. दारावरून जाणाऱ्या कळपाशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता.

आज जें मुखचित्र होतें तें सुईनें होतें. कोरडी लोंकर दांतेरी सुयांनीं टोंचून दाबण्याची युक्ति मूळ कारखान्यांतील. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एलिनॉर व डेव्हिड स्टॅनवुड या दांपत्यानें यंत्रांतील ती सुई हातीं घेतली, आणि तेथून हें काम जगभर पसरलें. ओल्या रीतीनें दाबतांना वस्त्र बरेंच आक्रसतें. चेहरा आक्रसला तर ओळखच मोडेल. म्हणून तळ पाण्यानें घट्ट करून घ्यावा व चेहरा कोरड्या सुईनें उभा करावा. प्रथम डोळे-नाक रेखाटण्याचा मोह टाकून छाया व उजेड यांचे मोठे भाग ठेवावे लागतात. रंग ओले कालवितां येत नाहींत. दोन लोंकरी एकत्र विंचरून मधली छटा काढावी लागते. संस्काराचें खरें काम यापुढें. बारीक सुई तिरपी, उथळ टोंचीत गालाची गोलाई मऊ करावयाची. डोळ्यांतील प्रकाशाचा बिंदु चार तंतूंनीं साधावयाचा. दूर जाऊन पाहावयाचें व चुकलेला पुंजका खोल रुतण्यापूर्वींच उचलावयाचा. खोल गेलेली चूक निघत नाहीं. तिच्यावर नवा थर चढवून ती झांकावी लागते. धीर सुटला कीं चेहरा सुटला.

या कामांत आमच्या लोंकरीला जागा आहे काय ? आहे. तळ तिचाच असावा, कारण तिच्याइतका काटक तळ दुसरा नाहीं. शिवाय दुरून एकजात काळी दिसणारी ही लोंकर जवळून तशी नाहीं. तींत गर्द काळा, तपकिरी, उन्हानें विटलेला तांबूस, म्हाताऱ्या मेंढीचा करडा अशा छटा असतात. रंगाचा थेंबहि न लावतां एखाद्या वृद्ध मेंढपाळाच्या दाढीमिशा, भुंवया, मुंडाशाखालची सांवली एवढें सारें त्याच्याच कळपाच्या लोंकरीनें साधेल.

हें सांगण्यास कारण आहे. कृत्रिम धाग्यांचीं स्वस्त ब्लँकेटें आलीं, मेंढी मांसासाठीं पाळण्यांत अधिक पैसा दिसूं लागला, आणि लोंकरीचा भाव एवढा उतरला कीं अनेक मेंढपाळांना कातरणीची मजुरीहि त्यांतून निघत नाहीं. कातरलेली लोंकर माळावर टाकून दिली जाते. शिंगणापुराहून फार दूर नसलेल्या राहुरीच्या कृषि विद्यापीठांत दख्खनी मेंढीच्या सुधारणेचें संशोधन चालतें. पण लोंकरीला गिऱ्हाईकच नसेल तर मेंढपाळानें ती कोणासाठीं जपावी?

मुखचित्रांनीं कळप जगतील असें म्हणणें बालिशपणाचें होईल. एका चित्राला लागून लागून किती लोंकर लागणार ? कळप जगावयाचा तर घोंगडी पांघरली गेली पाहिजे व जेन अंथरलें गेलें पाहिजे. चित्र हा त्या संसाराचा अलंकार, आधार नव्हे. अलंकारालाहि एक काम असतें, तें म्हणजे पाहणाऱ्याची नजर थांबविणें. ज्या लोंकरीवर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बसलों, ती भिंतीवर चढून तिच्याच मालकाचा चेहरा दाखवूं लागली, तर निदान क्षणभर आम्हांस त्याच्याकडे मान वर करून पाहावें लागेल. शिंगणापुरच्या गुराख्यानें चेहरा नसलेल्या शिळेंत जीव ओळखला. माळावर टाकलेल्या लोंकरींत तो ओळखणें हें आतां ज्यांच्या घरांत घोंगडी उरली नाहीं, त्यांचें काम आहे.