गांधीजींनी न पाहिलेले चित्रपट

एखादा चित्रपट गाजू लागला, की गावात माणसांचे दोन वर्ग पडतात. ज्यांनी तो पाहिला ते एक, आणि ज्यांनी पाहिला नाही ते दुसरे. पहिला वर्ग आठवड्यागणिक वाढत जातो, दुसऱ्या वर्गातील माणसाला कचेरीत, आगगाडीच्या डब्यात आणि लग्नाच्या पंगतीतही एकच प्रश्न ऐकावा लागतो : “म्हणजे? अजून पाहिला नाहीत?” या प्रश्नात कुतूहल थोडे असते आणि ठपका फार. तिकिटाला पैसे नव्हते, सवड नव्हती, किंवा मुळात इच्छाच नव्हती, यांपैकी कोणतेही उत्तर विचारणाऱ्याला पटत नाही. न पाहणे हा जणू सर्वांविरुद्ध केलेला अपराधच! हा तगादा सोसणाऱ्यांत आपल्या इतिहासातील एक फार मोठा माणूस होता. त्याची हकीकत येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. तो माणूस म्हणजे महात्मा गांधी.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गांधीजींना दृश्य कलेचे वावडे होते असे पुष्कळांना वाटते. पण त्यांच्या आत्मकथेतील बालपणीची प्रकरणे वेगळेच सांगतात. गावात चित्रे दाखवीत फिरणाऱ्या लोकांनी त्यांना श्रावणाचे चित्र दाखविले. आंधळ्या आईबापांना कावडीत घालून यात्रेला नेणारा तो श्रावण त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. त्याच सुमारास वडिलांची परवानगी घेऊन त्यांनी एका नाटक मंडळीचे हरिश्चंद्राचे नाटक पाहिले, आणि मनातल्या मनात ते असंख्य वेळा स्वतः केले. एका नाटकाचा एवढा परिणाम झालेला प्रेक्षक विरळाच. पुढे 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला मूकपट मुंबईच्या गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लोकांना दाखविला, तोही राजा हरिश्चंद्राचाच. पण गांधीजी तेव्हा दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रहाच्या धामधुमीत होते. हरिश्चंद्राने एकाला सत्याग्रहाकडे नेले आणि दुसऱ्याच्या हातून चित्रपट घडविला. दोघांच्या वाटा मात्र पुढे जुळल्या नाहीत.

1927 साली सरकारने चित्रपटांची चौकशी करण्यासाठी दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने देशभरच्या नामवंतांकडे प्रश्नावली पाठविली. फाळक्यांनी आपला अनुभव समितीपुढे मांडला. गांधीजींचे उत्तर मात्र अगदी त्रोटक होते. आपण चित्रपटगृहात कधी गेलेलो नाही, असे त्यांनी स्वच्छ कळविले. पण तेवढ्यावर न थांबता, चित्रपटांनी केलेली हानी बाहेरच्यालाही उघड दिसते आणि त्यांनी काही भले केले असेल तर ते अजून सिद्ध व्हायचे आहे, अशा आशयाचा अभिप्रायही जोडला. पहिले वाक्य साक्षीदाराचे होते, दुसरे न्यायाधीशाचे. या दोहोंमध्ये फार मोठे अंतर आहे, आणि पुढचा सारा वाद त्याच अंतरातून उद्भवला.

न पाहण्याने माणसाचे काय अडते, याचे उत्तर 1931 साली लंडनमध्ये मिळाले. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी पूर्व लंडनच्या कामकरी वस्तीत, किंग्ज्ली हॉलमध्ये राहात होते. चार्ली चॅप्लिन तेव्हा तेथेच होता. त्याचा ‘सिटी लाइट्स’ त्याच वर्षी प्रकाशात आला होता आणि त्याच्या मागे लोकांची झुंबड उडत होती. हा चॅप्लिन कोण, हे गांधीजींना सांगावे लागले. सप्टेंबरात डॉ. कटियाल यांच्या घरी दोघांची भेट झाली, तेव्हा रस्त्यावर माणसांची दाटी झाली होती. “माझा चित्रपट पाहिला नाहीत?” असे विचारीत चॅप्लिन बसला नाही. तुमचा यंत्रांना विरोध का, हे त्याने विचारले. आणि यंत्रांनी हिंदुस्थानला इंग्लंडचे परावलंबी केले, म्हणून स्वतःचे सूत स्वतः कातणे हे देशकर्तव्य ठरते, हे गांधीजींनी त्याला समजावून दिले. पुढे 1936 साली चॅप्लिनने ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये यंत्राच्या चक्रात सापडलेला मजूर रंगविला. त्याचे मूळ या एका भेटीत शोधणे धाडसाचे होईल. पण एकाने दुसऱ्याची कला पाहिलेली नसतानाही दोन माणसांचे मन लावून बोलणे होऊ शकते, एवढे तरी त्या भेटीने दाखविले.

याच 1936 साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ प्रदर्शित झाला. तो मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांचे अभंग गांधीजींच्या आश्रमाच्या भजनावलीत होते. तरीही चित्रपटांकडे ते वळले नाहीत. उलट जुगार, सट्टा, घोड्यांच्या शर्यती यांच्या पंक्तीला त्यांनी चित्रपट बसविला. तेव्हा ऑक्टोबर 1939 मध्ये पंचवीस वर्षांच्या ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘फिल्मइंडिया’ मासिकात त्यांना एक अनावृत पत्र लिहिले. पत्राची भाषा मुलाने बापाला लिहावे तशी होती. चांगले चित्रपट निघत आहेत, तेव्हा आपण या नव्या माध्यमाचा पुन्हा विचार करावा, अशी त्यात विनंती होती. आमच्या मते आग्रह कसा करावा याचा हा उत्तम नमुना आहे. त्यात हिणवणे नव्हते. कारणे होती आणि उदाहरणे होती.

6 मे 1944 रोजी आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर गांधीजी प्रकृतिस्वास्थ्यासाठी जुहूला राहिले. तेथे मंडळींच्या आग्रहावरून त्यांनी आधी ‘मिशन टु मॉस्को’ हा अमेरिकन बोलपट, आणि जूनमध्ये विजय भट्ट यांचा 1943 सालचा ‘रामराज्य’ पाहिला. शोभना समर्थ त्यात सीता होत्या, प्रेम अदीब राम. चित्रपटाला नावही गांधीजींच्या जिभेवर सदैव असलेलेच मिळाले होते! तुरुंगात पत्नी आणि चिटणीस दोघेही गमावून आलेला, दुखण्यातून उठणारा पंचाहत्तरीचा वृद्ध त्या पडद्यासमोर बसला. त्यानंतर त्यांना चित्रपटांची गोडी लागली असे झाले नाही. पण ‘गांधीजींनी पाहिलेला चित्रपट’ ही त्या चित्रपटाची ओळख मात्र आजतागायत सांगितली जाते.

या शेवटच्या गोष्टीतच तगाद्याचे रहस्य आहे, असे आम्हांस वाटते. ‘पाहा’ म्हणणाऱ्याला पुष्कळदा आपल्या पाहण्याची सुख वाटून घ्यायचे असते, हे खरे. पण त्याहून अधिक त्याला आपल्या आवडीवर दुसऱ्याची मोहर हवी असते. सर्वांनी पाहिले म्हणजे आपली निवड बरोबर ठरली, असा त्याचा समज असतो. म्हणून न पाहणारा एकटा माणूसही हजार प्रेक्षकांना खुपतो.

गांधीजींच्या उदाहरणातून दोन्ही बाजूंनी घेण्यासारखे आहे. न पाहण्याचा हक्क त्यांनी बजावला, आणि तो त्यांचा होता. त्यासाठी कोणालाही हिशेब देण्याचे त्यांना कारण नव्हते. परंतु न पाहता निवाडा देण्याचा हक्क महात्म्यालाही नाही. अब्बासांची तक्रार न पाहण्याबद्दल नव्हती, निवाड्याबद्दल होती, आणि ती योग्यच होती. तेव्हा यापुढे “अजून पाहिला नाहीत?” असे कोणी विचारले, तर “नाही” एवढे उत्तर निःसंकोच द्यावे, मात्र त्यापुढे “त्यात काय पाहायचे आहे?” हे शब्द जोडू नयेत. आणि विचारणाऱ्यानेही चॅप्लिनप्रमाणे दुसऱ्याच्या मनात काय आहे ते विचारावे. बोलण्यासारखे त्यात कितीतरी अधिक सापडेल.