चवदार तळे : ठरावापासून निकालापर्यंतची चौदा वर्षे

१/ महाड म्हटले की २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. मात्र त्या पाण्यावरील हक्क न्यायालयात टिकला तो १७ मार्च १९३७ रोजी. मधल्या दहा वर्षांचा आणि त्याआधीच्या चार वर्षांचा हा इतिहास.

२/ आरंभ एका ठरावाने झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता.

३/ महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये या ठरावाला अनुसरून आपले तळे सर्वांना खुले केले. प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. कागदावर तळे खुले होते, पण स्पृश्यांच्या धाकामुळे एकही अस्पृश्य तेथे घागर बुडवू शकत नव्हता. हक्क होता, तो बजावण्याची सोय नव्हती.

४/ त्याच वर्षी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. महाडमध्ये मात्र जमवाजमव केली ती स्थानिक कार्यकर्त्यांनी. रामचंद्र बाबाजी मोरे हे त्यांतले प्रमुख. १९०३ साली जन्मलेले मोरे तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते. अनंतराव चित्रे व सुरेंद्रनाथ टिपणीस हे स्पृश्य समाजातील सहकारीही त्यांच्यासोबत उभे राहिले.

५/ १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कोकणातील खेड्यापाड्यांतून लोक आले. त्यांत लष्करातून निवृत्त झालेले पेन्शनरही होते. परिषदेला लागणारे पाणी ४० रुपये मोजून स्पृश्यांकडून घ्यावे लागले. गावात सार्वजनिक तळे होते, नगरपालिकेचा ठराव होता, तरीही पाणी विकतचे.

६/ दुसऱ्या दिवशी, कामकाज आटोपत असताना, चित्रे यांनी सर्वांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. मिरवणूक शिस्तीने निघाली. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, मग इतरांनी. थोड्याच वेळात हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्यांचे हल्ले झाले.

७/ प्रतिकार करण्याइतके संख्याबळ व सैनिकी अनुभव असलेले लोक जवळ असूनही आंबेडकरांनी त्यांना आवरले. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे न्यायालयाने चार महिन्यांची सक्तमजुरी दिली. इकडे तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली: १०८ घागरी पाणी उपसून, शेण-गोमूत्र घालून, मंत्रोच्चारांसह.

८/ ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. नगरपालिकेने बहुमताने दिलेला हक्क बहुमतानेच काढून घेता येतो, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

९/ उत्तरादाखल डिसेंबरात सत्याग्रह परिषद योजण्यात आली. स्पृश्यांपैकी कोणी जागा देईना. फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. तोच १२ डिसेंबरला काही स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला व १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळे खाजगी आहे, शिवाय अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी आहे, असे त्यांचे म्हणणे.

१०/ २५ डिसेंबरच्या अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. परिषदेने जन्मसिद्ध समान हक्कांचा जाहीरनामा संमत केला. माणसे जन्मतः समान दर्जाची असतात आणि मरेपर्यंत तशीच राहतात, हे त्याचे सूत्र. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा यानंतर एकवीस वर्षांनी आला. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

११/ आता खरा पेच होता. हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते, आणि समोर न्यायालयाचा हुकूम होता. चर्चेअंती परिषदेने निकालापर्यंत सत्याग्रह तहकूब केला. पाण्याला हात न लावता तळ्याभोवती मिरवणूक काढून लोक परतले. शस्त्र न उचलण्याइतकाच हा निर्णयही कठीण होता.

१२/ मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. दावा मात्र चालूच राहिला. ८ जून १९३१ रोजी तो फेटाळला गेला, १९३३ मध्ये अपीलही फेटाळले गेले. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथील नाव होते ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’.

१३/ न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड व वाडिया यांनी निकाल दिला. १९२२ साली अहमदाबादेत महात्मा गांधींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफिल्ड. उच्च न्यायालयात वाद उरला होता तो वहिवाटीचा. अलीकडच्या काळातला मज्जाव पुराव्यात दिसत होता. तो अनादी असल्याचे सिद्ध होत नव्हते.

१४/ न्यायालयाचा तर्क असा: तळ्याभोवती स्पृश्यांची घरे उभी राहण्यापूर्वी पाणी केवळ आपल्यापुरते राखण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, हेच शंकास्पद आहे. आणि घरांची वस्ती अनादी नसते. अपील फेटाळले गेले.

१५/ येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ‘माणूस म्हणून पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे’ असे उच्च न्यायालय म्हणाले नाही. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अवाजवी वा लोकहितविरोधी ठरली असती का, हा प्रश्न त्याने खुलाच ठेवला. महाडकर जिंकले ते प्रतिपक्षाचा पुरावा अपुरा पडला म्हणून. तो पुरेसा असता तर?

१६/ या प्रश्नाला उत्तर मिळाले २६ जानेवारी १९५० रोजी. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांची नावे घेऊन तेथे जातीवरून मज्जाव करण्यास मनाई आहे. अनुच्छेद १७ अस्पृश्यताच नष्ट करतो. मसुदा समितीचे अध्यक्ष होते त्या दाव्यातील प्रतिवादी, भीमराव रामजी आंबेडकर. आता वहिवाट किती जुनी, हे विचारण्याचे कारणच उरले नाही.